न मांडलेली मांडणी : रस्त्यावरच्या छायाचित्रणाची प्रस्तावना

रस्त्यावरच्या छायाचित्रणात कोणी काही मांडून ठेवलेले नसते. स्टुडिओत पडदा, दिवा आणि समोर बसलेला माणूस हे सगळे फोटोग्राफरच्या शब्दाबाहेर नसतात. रस्त्यावर मात्र जे चालले आहे ते त्याच्यासाठी चाललेले नसते. हातगाडीवर कोथिंबिरीच्या जुड्या रचणारी बाई, तिच्यामागे भिंतीवर अर्धे फाटलेले सिनेमाचे पोस्टर, बाजूने शाळा सुटून धावणारा पोरगा यांचा आपापसांत काही संबंध नसतो. पोस्टरमधल्या नायकाचा उगारलेला हात नेमका पोराच्या डोक्यावर आला, म्हणजे एका जागेवरून आणि निमिषभरच तो संबंध जुळतो. कॅमेरा दोन पावले डावीकडे असता तर हात हवेत राहिला असता आणि पोरगाही नुसताच धावत गेला असता. असंबद्ध गोष्टींचा चौकटीत असा अचानक लागलेला मेळ म्हणजे या प्रकारातली अनपेक्षित रचना.

‘अनपेक्षित’ या शब्दामुळे हे सगळे नशिबावर सोपवण्याची सवय नवख्यांना लागते. प्रत्यक्षात फोटोग्राफरने निम्मे काम आधीच करून ठेवलेले असते. याचे सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण म्हणजे आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३२ साली पॅरिसमधील साँ-लाझार स्थानकामागे टिपलेले चित्र. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतो आहे, त्याची टाच पाण्याला अजून लागलेली नाही आणि खाली त्याचे प्रतिबिंब आहे. इथपर्यंत चित्र चांगले म्हणता येईल. पण मागच्या भिंतीवर एक जाहिरात आहे आणि तिच्यातली नर्तकीही तशीच झेप घेते आहे, फक्त उलट दिशेने. उडी मारणाऱ्याला ती जाहिरात ठाऊक नव्हती आणि जाहिरात लावणाऱ्याला पाणी कुठे साचणार हे ठाऊक नव्हते. कॅमेरा कुंपणाच्या फटीतून लावलेला असल्याने चित्राची एक कड कापावी लागली. एरवी चित्र कापायला ठाम नकार देणाऱ्या या फोटोग्राफरने इथे ते चालवून घेतले. कुठे उभे राहायचे हे त्याने ठरवले होते, उडी कोण आणि कधी मारणार हे त्याच्या हातात नव्हते. रस्त्यावरच्या छायाचित्रणात ठरवलेले आणि आपसूक घडलेले असे शेजारी शेजारी असते.

हा प्रकार महानगराचा मानला जातो, आणि तसे मानण्यात तथ्य आहे. अनोळखी माणसे दाटीने एकत्र येतात, एकमेकांकडे लक्ष न देता आपापल्या कामाला जातात आणि भिंती, काचा, पाट्या चहूबाजूंनी बोलत असतात, तिथे असे मेळ जास्त बसतात. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळसारख्या गावातून या विषयाकडे पाहिले तर मात्र दोन गोष्टी नव्याने ध्यानात येतात. पहिली म्हणजे, मुंबईच्या रस्त्यावरच्या छायाचित्रांत पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातला माणूस जुन्या काळापासून आहे, फक्त त्याला कोणी त्या मुलखाच्या नावाने ओळखत नाही. दुसरी म्हणजे, रस्ता जमून यायला शहर लागतेच असे नाही. बाजार, एसटी स्टँड आणि एक वर्दळीचा चौक एवढ्यावरही भागते.

पहिल्या गोष्टीसाठी महाळुंगे पडवळचेच नाव पुरेसे आहे. हुतात्मा बाबू गेनू सैद यांचा जन्म १९०८ साली याच गावात झाला. या मुलखातल्या हजारो घरांतून माणसे मुंबईच्या कापडगिरण्यांत गेली, तसे बाबू गेनूही गेले. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात विलायती कापडाची गाडी अडवताना ते तिच्याखाली चिरडले गेले. त्या वर्षीची मुंबई म्हणजे रस्त्यावर उतरलेले शहर होते. अल्काझी संग्रहात ‘के. एल. नर्सी’ हे नाव असलेला एक अल्बम आहे. १९३०–३१ मधील मुंबईच्या सविनय कायदेभंगाची दोनशेहून अधिक छायाचित्रे त्यात आहेत. मिरवणुका, निदर्शने करणाऱ्या स्त्रिया, पोलीस आणि बघ्यांची गर्दी त्यांत दिसते, पण ती काढली कोणी हे आज सांगता येत नाही. त्यांचा हेतू बातमीचा किंवा स्मरणाचा होता, रचनेचा नव्हता. तरी आज ती चाळताना नजर घटनेवर थांबत नाही. ती कडेला जाते, घोषणा देणाऱ्यांकडे पाठ करून उभ्या असलेल्या एखाद्याकडे, कॅमेऱ्याकडेच टक लावून पाहणाऱ्या पोराकडे. वृत्तछायाचित्रातला हा कडेचा ऐवज पुढे रस्त्यावरच्या छायाचित्रणाचा गाभा झाला.

त्याच काळबादेवी–झवेरी बाजार परिसरात साठ वर्षांनी रघुवीर सिंग (१९४२–१९९९) रंगीत फिल्म घेऊन हिंडत होते. गंभीर छायाचित्र कृष्णधवलच असते असे मानण्याची त्यांच्या सुरुवातीच्या काळात रीत होती आणि सिंग यांनी ती आयुष्यभर मानली नाही. झवेरी बाजारातील जवाहिऱ्याच्या शोरूमचे आणि केम्प्स कॉर्नर येथील चामड्याच्या दुकानातून बाहेर पाहणारे अशी त्यांची १९८९ सालची दोन चित्रे मुद्दाम अभ्यासावीत. दोन्हींत काच कामाला लावली आहे. काचेतून पलीकडचा रस्ता दिसतो, काचेवर अलीकडचे उमटते आणि आतला माल या दोहोंच्या मध्ये लटकतो. एका चौकटीत तीन जागा एकावर एक बसतात आणि पाहणाऱ्याला आपण दुकानाच्या आत आहोत की बाहेर हे ठरवायला क्षणभर थांबावे लागते. १९९४ साली आलेल्या ‘बॉम्बे : गेटवे ऑफ इंडिया’ या त्यांच्या पुस्तकात अशी गुंफण पानोपानी आहे. केतकी शेठ यांचे ‘बॉम्बे मिक्स’ (२००७) हे त्याच शहराचे पुस्तक, पण कृष्णधवल. रंग काढून घेतल्यावर मेळ बसवायला आकार, हावभाव आणि नजरा एवढेच उरतात. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहिली तर रचना म्हणजे काय हे नियमांच्या कुठल्याही यादीपेक्षा लवकर उमगते.

रघू राय यांचे १९९५ सालचे चर्चगेट स्थानकाचे चित्र याहून वेगळ्या वाटेचे आहे. शटर बराच वेळ उघडे ठेवल्याने उतारूंचा लोंढा धुरासारखा पसरला आहे आणि त्यात वर्तमानपत्र वाचत थांबलेली माणसे तेवढी स्पष्ट आहेत. गर्दीत कोण हलत नाही, हे त्यांनी आधी हेरले असले पाहिजे. याच चर्चगेटबाहेर दुपारच्या आधी डब्यांनी भरलेल्या लांब लाकडी पाट्या डोक्यावरून उतरतात. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या डबेवाल्यांच्या या व्यवसायात खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या भागांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मुंबईत आलेला प्रत्येक परदेशी फोटोग्राफर डबेवाल्याची पांढरी टोपी टिपून नेतो. त्यातली बहुतेक चित्रे सारखी असतात, कारण काढणाऱ्याला टोपी अनपेक्षित वाटलेली असते. आंबेगावच्या माणसाला टोपी रोजची आहे. त्याची नजर टोपीवर न अडकता पुढे जाईल, डब्याच्या झाकणावर रंगवलेल्या खुणांपर्यंत किंवा पाटी उतरवताना दोघांच्या मानेला एकाच वेळी पडणाऱ्या हिसड्यापर्यंत. नेहमीचे काय हे पक्के ठाऊक असल्याशिवाय वेगळे काय घडले ते कळत नाही. या प्रकारात स्थानिक माणसाची बाजू वरचढ ठरते ती इथे, आणि नेमकी हीच बाजू तो बहुधा वापरत नाही. कॅमेरा हाती आला की तो भीमाशंकर नाहीतर नाणेघाट गाठतो.

पुण्यातली मंडई हा मुंबई आणि तालुका यांमधला टप्पा. १८८६ साली रे मार्केट या नावाने उघडलेली आणि आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाणारी ही अष्टकोनी इमारत फोटोग्राफरला आयती शिस्त देते. मधल्या मनोऱ्यापासून फाटे फुटतात, त्यांत गाळ्यांच्या ओळी आणि ओळींत विक्रेते. भूमिती इतकी पक्की आहे की तिला छेद देणारे काहीही, म्हणजे ओट्यावर पाय सोडून झोपलेला हमाल किंवा वजनकाट्याआडून डोकावणारे मांजर, लगेच उठून दिसते. मंडईलगतच हुतात्मा बाबू गेनू मंडळाचा गणपती बसतो. गणेशोत्सवात तिथली रोषणाई टिपायला शेकडो मोबाइल वर होतात. अशा वेळी रोषणाईकडे पाठ फिरवून उभे राहावे. वर धरलेल्या मोबाइलांच्या पडद्यांत तोच मांडव वेगवेगळ्या कोनांतून लहान लहान होऊन उमटलेला असतो आणि त्यांमागच्या चेहऱ्यांवर त्याचाच उजेड पडलेला असतो.

आता तालुक्याकडे. पुणे–नाशिक महामार्गावर मंचर, कळंब, नारायणगाव ही गावे एकामागून एक लागतात. बाह्यवळणे झाल्यापासून लांब पल्ल्याची वाहने बाहेरून जातात आणि जुना रस्ता पुन्हा गावकीच्या ताब्यात आला आहे. व्यापाऱ्यांची त्याबद्दल वेगवेगळी मते असतील. फोटोग्राफरच्या दृष्टीने ही चांगलीच सोय झाली, कारण रस्त्याच्या मधोमध उभे राहता येऊ लागले. मंचरच्या स्टँडवर लागलेल्या लाल गाडीच्या खिडक्यांची रांग म्हणजे एकाच मापाच्या आयत्या चौकटी. एका खिडकीत डोळे मिटलेली आजी, दुसरीत फोनवर हसणारी मुलगी, तिसरीत गजाला धरलेली नुसती मूठ आणि चौथी रिकामी, जिच्या काचेत स्टँडवरचा वडापाववाला उमटला आहे. सगळ्यांचे सूत जुळेपर्यंत गाडी थांबतेच असे नाही. पण पुढची गाडीही त्याच फलाटावर त्याच कोनात लागते, म्हणून जागा न सोडता थांबणे फायद्याचे.

नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची मंडळी तिथे सुपारी द्यायला येतात. प्रत्येक राहुटीवर फडाचे नाव आणि कलावंतांचे मोठमोठे चेहरे असतात, तर खाली बाजेवर वही उघडून व्यवहार चाललेला असतो. फलकावरचा चेहरा पूर्ण रंगात आणि जाग्या डोळ्यांचा, खालचा माणूस उन्हाने पेंगलेला. या विरोधाभासावर काढलेली चित्रे पुष्कळ सापडतील, कारण तो चटकन दिसतो. जरा वेळ काढणाऱ्याला आणखी काही मिळते. राहुटीच्या ताणाच्या दोरीवर वाळत घातलेला सदरा वाऱ्याने फुगतो आणि फलकावरच्या नर्तकीच्या गळ्याखाली अचूक बसतो. तेवढ्यात पलीकडून टोपीवाले पंच वाकून आत शिरतात आणि त्यांची फक्त पाठ उरते. हे दोन सेकंद टिकते. तमाशाचे अंतरंग दाखवणारे काम मराठीत आधीच उभे आहे. संदेश भंडारे यांचे ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ त्यासाठी पाहावे. फडाबरोबर राहून केलेले ते चित्रण आहे. रस्त्यावरचा फोटोग्राफर राहुटीच्या बाहेरच थांबतो आणि बाहेरून जेवढे दिसते तेवढ्यावर काम भागवतो.

नारायणगावच्याच टोमॅटो बाजारात हंगामात रिकाम्या कॅरेटच्या थप्प्या माणसाच्या दुप्पट उंचीच्या होतात. कॅरेटच्या जाळीतून सकाळचे ऊन गाळून येते आणि मागून जाणाऱ्याच्या अंगावर चौकटीचौकटींचे कापड पसरल्यासारखे पडते. एरवी चौक व्यापतात ते फ्लेक्स. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, सगळ्यांना एकच हात जोडलेली मुद्रा. रस्त्यांवर बिबट्यापासून सावध करणाऱ्या वनखात्याच्या पाट्याही असतात, आणि त्यांच्या सावलीत निवांत झोपलेले कुत्रे ही या भागाची खास देणगी. असे विनोद सहज साधतात, म्हणून त्यांचा लवकर कंटाळाही येतो. पाटी आणि तिच्या विरुद्ध वागणारा जीव एवढ्यावर उभे असलेले चित्र एकदा वाचले की संपते. पुन्हा पाहावेसे वाटणाऱ्या चित्रात पाटी काढून टाकली तरी काहीतरी शिल्लक राहते.

मेळ डोळ्यांना दिसला तरी तो चौकटीत बसवायला उजेड समजावा लागतो. हा प्रदेश साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली गोळा होते आणि टोपीखालचे डोळे काळे पडतात. डिसेंबरात मात्र भर दुपारीही माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीइतकी उत्तरेला पडते. म्हणून पूर्व–पश्चिम गल्लीत हिवाळ्यात दक्षिणेकडच्या घरांची सावली रस्ता उभा दुभंगते, अर्धा रस्ता उजेडात आणि अर्धा अंधारात. उजेडातल्या माणसावर उजेडाचे मोजमाप ठरवले की अंधारातला भाग काळा होऊन जातो आणि गर्दी आपोआप विरळ होते. उन्हाळ्यात हेच काम सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर करावे लागते. पावसाळा वाया जातो असे समजू नये. ढगाळ उजेडात सावल्या नसतात, पण ओला डांबरी रस्ता आरशाचे काम करतो आणि छत्र्या गर्दीला एकसारखे गोल आकार देतात.

साधनांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ३५ मिमीची लेन्स, ॲपर्चर एफ/८ आणि नेम (फोकस) तीन मीटरवर बसवला तर साधारण दोन ते सात मीटरमधले सगळे स्पष्ट येते. मग चालताना नेम धरत बसावे लागत नाही. चालत्या माणसासाठी सेकंदाचा अडीचशेवा भाग, धावत्यासाठी पाचशेवा. मोबाइलची मुख्य लेन्स बहुधा २४ ते २६ मिमीइतकी रुंद असते, त्यामुळे मोबाइल घेतलेल्याने वाटते त्याहून एक पाऊल पुढे जायला हवे. पडद्यावर झूम करून लांबून टिपलेल्या चित्रात माणसे पुठ्ठ्यावर चिकटवल्यासारखी सपाट दिसतात आणि त्यांच्यातले अंतर, ज्यावर सगळा मेळ अवलंबून आहे, ते नाहीसे होते. पाहताना मधल्या माणसापेक्षा चारही कडा आधी तपासाव्यात. अर्धवट शिरलेला कोपर किंवा विजेचा खांब चांगल्या चित्राची वाट लावतो. क्वचित तोच खांब दोन माणसांना वेगळे करून चित्र वाचवतो.

शहर आणि गाव यांत खरा फरक पडतो तो माणसांच्या बाबतीत. काळबादेवीत कॅमेऱ्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. महाळुंगे पडवळच्या आसपास कुठल्याही पारावर कॅमेरा निघाला की आधी ‘कुणाचा रं तू?’ विचारले जाते, मग ‘पेपरात येनार का?’ आणि पाठोपाठ सगळे सरळ रांगेत उभे राहतात. नवखा इथे वैतागतो. त्यापेक्षा तो रांगेचा फोटो मनापासून काढावा, दाखवावा, मागितला तर पाठवावा. कौतुक ओसरले की माणसे आपापल्या कामाला लागतात, आणि टोपी नीट करणारा हात, रांगेतून निसटणारा पोरगा, मागे वळून हसणारी सून हे सगळे त्यानंतर येते. काहींनी नको म्हटले तर कॅमेरा खाली करावा आणि वाद घालू नये. सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला भारतात सरसकट बंदी नाही, पण रेल्वेच्या आवारात, संरक्षण खात्याच्या जागी आणि मनाईची पाटी असलेल्या ठिकाणी नियम वेगळे असतात. स्त्रीच्या खाजगी क्षणाचे चोरून चित्रण हा तर गुन्हा आहे. दवाखान्याच्या दारात रडणारा, दारूच्या गुत्त्याबाहेर पडलेला किंवा सावकाराशी बोलणारा माणूस तालुक्यात ओळखू येतो, आणि हे मुंबईच्या फोटोग्राफरला सहसा सुचत नाही. अशा माणसाचे चित्र कितीही जुळून आलेले असले तरी ठेवू नये.

निवड हे या कामाचे शेवटचे आणि सगळ्यांत कंटाळवाणे अंग. रस्त्यावरची बहुतेक चित्रे फसतात आणि हे मोठमोठ्यांनाही चुकलेले नाही. त्याच दिवशी निवड केली तर डोळ्यांपुढे चित्र नसते, ते काढतानाची धांदल असते. म्हणून काही आठवडे जाऊ द्यावेत. एखाद्या चित्रातली गंमत सांगायला तोंडी गोष्ट लागत असेल तर ते बाजूला काढावे.

ठेवलेल्या प्रत्येक चित्राला गाव, चौक, तारीख, वेळ आणि काढणाऱ्याचे नाव जोडावे. फाइलच्या नावात लिहावे, शिवाय कागदावरही. ‘डीएससी ००४५’ या नावाने पडलेले चित्र पन्नास वर्षांनी कुणाच्या उपयोगी पडणार नाही. नर्सी अल्बममधल्या फोटोग्राफरांची नावे तेव्हा कोणी टिपून ठेवली असती, तर १९३० सालच्या मुंबईच्या रस्त्यावर कॅमेरा घेऊन कोण उभे होते हे आज सांगता आले असते.